टेबलावरचे तीन गुण

भारतीय फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवरची लीग म्हणजे तेव्हाची आय-लीग. तिचा २०२४-२५चा हंगाम १८ जुलै २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कुठेही सामना नव्हता. शेवटचा चेंडू ६ एप्रिललाच लाथाडून झाला होता, परदेशी खेळाडू आपापल्या घरी गेले होते, मैदानांवर पावसाचं पाणी साचलं होतं. आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात, क्रीडाविश्वातल्या सर्वोच्च लवादाने जाहीर केलं की विजेता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स नाही, इंटर काशी आहे.

तोवर चर्चिलच्या खेळाडूंनी ट्रॉफी हातात घेऊन फोटोही काढलेले होते.

मी हा हंगाम बऱ्यापैकी मोबाईलवर पाहिला, बराचसा कर्जत लोकलमध्ये, बदलापूरच्या पुढे गर्दी ओसरल्यावर. त्यामुळे जुलैतला निकाल वाचला तेव्हा पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची होती तीच माझीही होती : हे काय चाललंय? फुटबॉल मैदानावर जिंकतात की कोर्टात? पण हा प्रश्न जेवढा सोपा वाटतो तेवढा नाही, हे हळूहळू लक्षात यायला लागलं. त्याच्यामागे दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि मला तोच जास्त छळतो.

आधी नेमकं घडलं काय ते बघू. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन परिच्छेद खाली उतरावं.

बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. १३ जानेवारी २०२५ला पंजाबच्या नामधारी संघाने इंटर काशीला २-० हरवलं. काशीने तक्रार केली की नामधारीचा एक परदेशी खेळाडू त्या दिवशी खेळायला पात्रच नव्हता. त्याची चार पिवळी कार्डं झाली होती, म्हणजे त्याला एक सामना बाहेर बसणं भाग होतं, आणि तो बसला नाही. महासंघाच्या शिस्तपालन समितीने काशीचं म्हणणं मान्य करून सामना ३-० असा काशीच्या नावावर केला. नामधारीने अपील केलं. अपील समितीने तो निर्णय आधी रोखला, मग फिरवला. मधल्या काळात लीग चालूच होती आणि गुणतक्त्यात नामधारीचा विजय दिसत होता.

६ एप्रिलला शेवटच्या फेरीत चार संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होते. चर्चिलने श्रीनगरला रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी केली, काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं, गोकुलम केरळला गोव्याच्याच डेम्पोने ४-३ असं बाहेर काढलं. तक्ता म्हणाला : चर्चिल ४०, काशी ३९. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केलं. काशी लोझानला गेली. महिनाअखेरीस गोव्यात ट्रॉफी दिली गेली, आणि त्याच सुमाराला लवादाचा हा समारंभ थांबवा असा आदेशही येऊन पोचला. दरम्यान आणखी एक वाद उभा राहिला होता : काशीने एका परदेशी खेळाडूची नोंदणी काढून त्याला पुन्हा नोंदवलं ते नियमात बसतं का? इथे महासंघाची समिती काशीच्या विरोधात गेली. जुलैतल्या अंतिम निकालात लवादाने काशीला विजेता ठरवलं. काशी ४२, चर्चिल ४०.

बक्षीस होतं इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे वरच्या पायरीवर, बढती. (विनोद असा की निकालाच्या आठवडाभर आधी, ११ जुलैला, ती वरची लीगच व्यावसायिक करारांच्या घोळामुळे स्थगित झाल्याचं कळवलं गेलं होतं. जिन्यासाठी भांडण चालू असताना वरचा मजला गायब.)

तर, मैदान की कागद?

माझ्या ओळखीतले बहुतेक जण मैदानाच्या बाजूने आहेत. त्यांचं म्हणणं असं : त्या दिवशी नामधारीने दोन गोल केले, काशीने शून्य. हे सगळ्यांनी पाहिलं. तो एक खेळाडू नसता तर निकाल बदललाच असता असं कोण सांगू शकतं? मग दोन गोलांची हार तीन गोलांची जीत कशी होते?

यातला ‘बदललाच असता असं कोण सांगू शकतं’ हा भाग मला कच्चा वाटतो. दुसऱ्याच्या हॉल तिकिटावर कुणी बारावीचा पेपर देऊन आला, तर त्याने किती मार्क मिळवले असते हे आपण मोजत बसत नाही. तो पेपर झालाच नाही असं धरतो. पात्रतेचा नियम हा खेळातला दोष मोजत नाही, खेळ सुरू झाला की नाही एवढंच सांगतो. अपात्र खेळाडूसह खेळलेले नव्वद मिनिटं म्हणजे बावीस माणसं आणि एक चेंडू यांची हालचाल, पण तो ‘आय-लीगचा सामना’ नाही. गोल हा शब्दच नियमांनी तयार केलेला आहे. नियम काढून घेतले तर उरतं ते फक्त जाळीत अडकलेलं कातडं.

पण मग लगेच दुसरी अडचण उभी राहते. २२ जून १९८६ला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. १८ नोव्हेंबर २००९ला पॅरिसजवळच्या मैदानावर फ्रान्सच्या थिएरी आँरीच्या हाताला लागलेल्या चेंडूवरून आयर्लंडविरुद्ध गोल झाला आणि आयर्लंड विश्वचषकाला मुकलं. दोन्ही वेळी साऱ्या जगाने पाहिलं, दोन्ही वेळी नियम उघडउघड मोडला होता, आणि दोन्ही निकाल आजतागायत कायम आहेत. आयर्लंडने सामना पुन्हा खेळवा म्हणून विनवलं तरी नाही म्हटलं गेलं. फुटबॉलच्या नियमांनुसार खेळातल्या घटनांबाबत पंचांचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे हाताने गोल केला तर तो टिकतो, आणि पिवळ्या कार्डांचा हिशेब चुकला तर सामना उलटतो. हे न्यायाचं उलटं माप नाही का?

आमच्या पट्ट्यात भातकापणी उरकली की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. कर्जतपासून खोपोलीपर्यंत रस्त्याकडेला फ्लेक्स लागतात. त्यांच्या पत्रकांवर दोन ओळी जवळजवळ नेहमी असतात. एक : पंचांचा निर्णय अंतिम राहील. दोन : खेळाडूने आधार कार्ड सोबत आणावे, बाहेरचा खेळाडू आढळल्यास संघ बाद. या दोन ओळी शेजारी शेजारी असतात आणि कुणालाच त्यात विसंगती दिसत नाही. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. पंचाने झेल चुकीचा दिला तर तो माणसाच्या डोळ्याचा दोष आहे. डोळे चुकणार हे दोन्ही संघांनी उतरतानाच मान्य केलेलं असतं आणि ती चूक उद्या उलट्या बाजूने होऊ शकते. बाहेरचा खेळाडू आणणं हे मात्र कुणीतरी आदल्या रात्री फोनवर ठरवलेलं असतं, किंवा निदान सकाळी तपासता आलं असतं. चार कार्डं मोजायला डोळ्यांचा वेग लागत नाही.

इथपर्यंत मी कागदाच्या बाजूने आहे. काशीला तीन गुण मिळणं बरोबर होतं. खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

चूक नामधारीची. नुकसान काशीचं. आणि दंड भरला कुणी? चर्चिलने. १३ जानेवारीला चर्चिलचा त्या मैदानाशी काही संबंध नव्हता. त्यांनी आपले बावीस सामने खेळले, चाळीस गुण मिळवले, आणि पंजाबातल्या एका संघाने टीमशीट नीट न भरल्यामुळे त्यांच्या हातून बढती गेली. नामधारीचं काय गेलं? जिंकलेले तीन गुण. त्यांना ना विजेतेपदाची आशा होती, ना त्यांच्या हंगामाला त्याने मोठा फरक पडला.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग २मध्ये, २०२२-२३च्या हंगामाचा शेवट जवळजवळ असाच झाला. २ जून २०२३, शेवटची फेरी. बोर्दोला वरच्या श्रेणीत जायचं तर घरच्या मैदानावर रोडेझला हरवणं गरजेचं होतं. विसाव्या मिनिटाच्या पुढेमागे रोडेझच्या ल्युका ब्युआदने गोल केला. बोर्दोचा एक प्रेक्षक मैदानात घुसला आणि त्याने त्याला ढकललं. खेळाडूला डोक्याला मार बसल्याने बाहेर न्यावं लागलं, सामना थांबला तो थांबलाच. पुढे समितीने रोडेझला विजयी ठरवलं. बोर्दोला शिक्षा झाली, कुणाला वाईट वाटलं नाही. पण रोडेझला मिळालेल्या त्या गुणांमुळे तक्त्यात खाली ढकलला गेला आनसी नावाचा तिसराच छोटा क्लब. त्या वर्षी लीग लहान करायची म्हणून तब्बल चार संघ खाली जायचे होते आणि आनसी त्यात सापडला. शेवटी सोशो क्लबचे पैसे संपले, त्याला प्रशासकीय कारणावरून खाली पाठवलं गेलं आणि रिकाम्या जागी आनसी वाचला. म्हणजे एका प्रेक्षकाच्या धक्क्याने बुडालेला क्लब दुसऱ्याच्या दिवाळखोरीने तरला. स्वतःच्या खेळाने यातलं काहीच झालं नाही.

अशा विजयाला फ्रेंच लोक ‘तापी व्हेर’वरचा विजय म्हणतात. हिरवा गालिचा, म्हणजे समितीच्या टेबलावर अंथरलेलं हिरवं कापड. मैदानही हिरवंच, हा त्यातला टोमणा.

गुणतक्ता ही अशी वस्तू आहे की तिच्यात एका ओळीला हात लावला की सगळ्या ओळी हलतात. कोर्टात दोन पक्ष असतात. चोराला शिक्षा झाली म्हणून शेजाऱ्याचं घर जप्त होत नाही. लीगमध्ये होतं. म्हणून ‘दोषीला शिक्षा, पीडिताला भरपाई’ हे साधं सूत्र इथे पुरत नाही, कारण भरपाई ज्या खिशातून जाते तो खिसा दोषीचा नसतो.

मग दुसरा मार्ग नाही का? धंद्याने मी सॉफ्टवेअरवाला आहे. नियम दिसला की तो मोडून कसा बघता येईल हे आधी सुचतं. समजा नियम असा केला : अपात्र खेळाडू उतरवणाऱ्याचे गुण कापा, पण समोरच्याला देऊ नका. मग काशी ३९वर राहिली असती आणि चर्चिल विजेता. तिसऱ्याचं नुकसान टळलं. पण आता ज्याला गमावण्यासारखं काही नाही असा संघ बंदी असलेला आपला सर्वोत्तम खेळाडू उतरवून एखाद्या दावेदाराला अडवू शकतो, आणि त्या दावेदाराला दाद मागून उपयोग नाही. उलट, सध्याचा नियम : गुण समोरच्याला द्या. मग तोच संघ मुद्दाम चुकीचं नाव टीमशीटवर लिहून मित्र-क्लबला तीन गुण भेट देऊ शकतो. दोन्ही नियमांना भोक आहे. दुसरं भोक तर जास्त सोपं, कारण त्यासाठी चांगलं खेळावंही लागत नाही. पण मुद्दाम हरायला टीमशीटची गरज कधीच नव्हती. त्या गुन्ह्याला आधीपासून वेगळं नाव आणि वेगळी शिक्षा आहे. पहिल्या नियमात मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं दारच बंद होतं. म्हणून मी अजूनही सध्याच्या नियमाकडे झुकतो, पण पूर्ण समाधानाने नाही.

‘कागद’ या शब्दाला आपण एवढं का हसतो, हेही एकदा बघायला हवं. कर्जत-खालापूरमध्ये कागदाचे दोन्ही चेहरे रोज दिसतात. गेल्या काही वर्षांत इथे फार्महाऊसची लाट आली आणि प्रत्येक चहाच्या टपरीवर सातबारा, फेरफार, कब्जेदार, इतर हक्क हे शब्द ऐकू यायला लागले. ज्याने नांगर धरला त्याची जमीन की ज्याचं नाव उताऱ्यावर त्याची? १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी एक उत्तर दिलं : कसणाऱ्याची. ‘मैदानावर जिंकेल तो’ या वाक्याचा हा शेतीतला अवतार म्हणता येईल. पण गंमत बघा, कसणाऱ्याचा हक्क खरा झाला तो कायद्याने, म्हणजे कागदानेच. आणि ज्यांच्याकडे तो कागद आलाच नाही, त्यांचं काय झालं? आमच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी कुटुंबांनी दळीच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या नाचणी-वरी पिकवली. मैदानावर त्यांनी प्रत्येक सामना जिंकलेला आहे. २००६चा वनहक्क कायदा येईपर्यंत त्या जिंकण्याला कुठल्या तक्त्यात ओळ नव्हती, आणि त्यानंतरही दावे मंजूर करून घेताना दमछाक होतेच.

ज्याच्याकडे ताकद आहे त्याला कागदाशिवाय चालतं. ज्याच्याकडे नाही, त्याला तेवढाच आधार असतो. काशीचा क्लब काही गरीब कातकरी नव्हे, हे मान्य. २०२३मध्ये महासंघाने कंपन्यांकडून बोली मागवून ज्यांना लीगमध्ये थेट प्रवेश देऊ केला त्यातला तो एक, नामधारीही त्यातलाच. (त्या यादीत आमच्या लाईनवरचं अंबरनाथही होतं, पण अंबरनाथचा संघ काही आय-लीगमध्ये उतरला नाही.) काशी नावाची, घरचे सामने बंगालमध्ये कल्याणीला. समोर १९८८पासूनचा चर्चिल, २००८-०९ आणि २०१२-१३चा देशाचा विजेता, मडगावच्या लोकांचा जीव असलेला. मन कुठे झुकतं ते मी सांगायला नको. २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा एकदम आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा गोव्याचा झेंडा तिथे लावून धरला तो याच क्लबने. पण आपल्याला कोण जवळचं वाटतं यावरून नियम लागू होणार असतील तर उद्या तो नियम आपल्याही उपयोगाचा राहणार नाही.

एवढं सगळं मान्य करूनही चर्चिलवर अन्याय झाला असं मला ठामपणे वाटतं. तो निकालाने केला नाही, उशिराने केला. १३ जानेवारी ते १८ जुलै म्हणजे सहा महिन्यांहून जास्त. आमच्या कामात दोन सर्व्हरवर थोडा वेळ वेगवेगळी माहिती असणं चालून जातं, शेवटी दोन्हीकडे एकच उत्तर आलं म्हणजे झालं. बँकेच्या ॲपवर बॅलन्स पाच सेकंद जुना दिसला तर कुणी मरत नाही. पण त्या जुन्या आकड्यावर विसंबून माणसाने घर विकलं असेल तर? मग ‘शेवटी बरोबर आकडा दाखवला’ हे उत्तर होऊ शकत नाही.

गावच्या स्पर्धांमध्ये यावर उपाय असतो : हरकत घ्यायची तर सामन्याआधी, फी भरून, टॉसच्या वेळी. पहिला चेंडू पडला की तोंड बंद. तो उपाय जसाच्या तसा लीगला लागू होत नाही, कारण लपवणाऱ्याला त्यात बक्षीस मिळतं. पण त्यामागची जाण मोलाची आहे. पुढचा सामना खेळायला उतरणाऱ्याला मागचा निकाल काय हे ठाऊक असायला हवं. महासंघाकडे कार्डांची नोंद होती, एक ओळ तपासायची होती. निकाल जानेवारीत काशीच्या बाजूने पक्का झाला असता तर कुणीच हळहळलं नसतं, चर्चिलसुद्धा. त्यांनी पुढचे सगळे सामने त्या हिशेबाने खेळले असते. एकाच घटनेबद्दलचा तोच निर्णय जानेवारीत न्याय ठरला असता आणि जुलैत निम्मा अन्याय ठरला, कारण मधल्या काळात लोकांनी त्यावर विसंबून जिवाचं रान केलेलं होतं. आणि अपील लोझानमध्ये पडलेलं असताना ट्रॉफी देऊन टाकणं याला तर मला एकही सभ्य शब्द सापडत नाही. घ्या, नाचा, आणि मग परत द्या?

६ एप्रिलच्या श्रीनगरकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठीच. उतरताना तक्त्यात चर्चिलचे ३९ होते आणि काशीचे ३६. त्या तक्त्याप्रमाणे चर्चिलला बरोबरी पुरेशी होती. लोझानने पुढे ज्या तक्त्यावर शिक्का मारला त्यात मात्र त्या दुपारी काशीचेही ३९ होते, आणि काशी जिंकत असताना चर्चिलची बरोबरी म्हणजे हार होती. सामना एकच, पण खेळाडूंना त्यातलं एकच गणित फलकावर दिसत होतं. स्कोअर १-१ असताना, घड्याळ संपत आलेलं असताना, चेंडू पुढे मारायचा की मागे ठेवायचा हे बचावपटू कशावरून ठरवतो? त्या दुपारी चेंडू जपून ठेवणाऱ्या पायाने जे केलं ते शहाणपणाचंच होतं. ते चूक होतं हे त्याला कळलं तेव्हा गोव्यात धो धो पाऊस पडत होता.